मातीचे बळ

दिवाळीची सुट्टी लागली की महाराष्ट्रात गावोगावी अंगणांतून किल्ले उभे राहू लागतात. मुले दगड-विटा गोळा करतात, त्यांवर जुनी पोती पसरतात आणि घमेल्याने माती आणून बुरूज, तट, पायऱ्या घडवू लागतात. त्या वेळी एक गोष्ट प्रत्येकाच्या प्रत्ययास येते. कोरडी माती कितीही रचली तरी तिचा बुरूज होत नाही. ती घसरून खाली येते. तीच माती थोडी भिजवली की मुठीत वळते, हवा तो आकार घेते आणि तट ताठ उभा राहतो. पण उत्साहाच्या भरात कोणी तांब्याभर पाणी अधिक ओतले, तर तोच बुरूज पाहता पाहता खचतो आणि चिखल होऊन पसरतो.

माती तीच, हात तेच. मग बुरूज एकदा उभा राहतो आणि एकदा कोसळतो, हे कसे? अंगणातला हा प्रश्न लहान दिसतो. परंतु धरण बांधणाऱ्या, रस्ता आखणाऱ्या आणि विहीर खोदणाऱ्या माणसांपुढे हाच प्रश्न मोठ्या रूपाने उभा असतो. त्याचे उत्तर चुकले, तर माणसांचे प्राण धोक्यात येतात.

वाळलेली काठी वाकवली की कडकन मोडते. माती मात्र बहुधा घसरून मोडते. ओढ्याकाठची दरड ढासळल्यावर तेथे नीट निरखून पाहावे. मातीचा एक मोठा तुकडा उरलेल्या मातीवरून सरकत खाली आलेला असतो, आणि जेथून तो सुटला तेथे गुळगुळीत, वाकडी खूण उरलेली असते. कात्रीची दोन पाती एकमेकींवरून सरकतात आणि कापड कातरले जाते. मातीचे दोन भाग असेच एकमेकांवरून सरकतात, म्हणून शास्त्रज्ञ या क्रियेला ‘कर्तन’ म्हणतात. आणि असे सरकण्याला विरोध करण्याची मातीची जी शक्ती, तिला ‘कर्तन-सामर्थ्य’ असे नाव आहे. मोठे संकट आले की ‘पायाखालची वाळू सरकली’ असे आपण म्हणतो. जमिनीचे बळ सरकण्यात संपते, हे आपल्या भाषेने फार पूर्वीच ओळखले होते!

मातीला हे बळ येते कोठून? त्याचे दोन झरे आहेत. पहिला झरा घर्षणाचा. कोरडी वाळू हळूहळू एका जागी ओतली की तिचा शंकूसारखा ढीग होतो. आणखी वाळू ओतली तर ढीग वाढतो, पण त्याची बाजू अधिक उभी होत नाही. जास्तीची वाळू घरंगळून पायथ्याशी जाते. ढिगाचा हा उतार बहुधा तीस ते पस्तीस अंशांचा असतो. वाळूचे कण एकमेकांत अडकतात, एकमेकांना घासतात, आणि त्या घर्षणाच्या जोरावर तेवढा उतार टिकून राहतो. मुरमाचे खडे वाळूपेक्षा कंगोरेदार असतात. ते एकमेकांत अधिक घट्ट अडकतात. म्हणूनच रस्त्याच्या भरावाला मुरूम पसंत केला जातो.

दुसरा झरा चिकटपणाचा. काळ्या मातीचे कण वाळूच्या कणांहून कितीतरी सूक्ष्म असतात. ते नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. ते एकमेकांना धरून ठेवतात. उन्हाळ्यात नांगरलेल्या रानातले काळे ढेकूळ उचलून पाहावे. ते दगडासारखे कठीण लागते आणि कुदळीच्या घावावाचून फुटत नाही. वाळूचे असे ढेकूळ कोणी पाहिले आहे काय?

अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंत या जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते) मातीचे हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात. माळावर मुरूम आहे. प्रवरा, मुळा आणि गोदावरी यांच्या काठांवर खोल काळी जमीन आहे. ही काळी माती पिकांना आई आहे, पण घराच्या पायाला ती भरवशाची नाही. उन्हाळ्यात ती आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. बैलगाडीची चाके तिच्यात आसापर्यंत रुततात. जी माती वैशाखात कुदळीला दाद देत नव्हती, ती श्रावणात माणसाचे पाऊलही तोलून धरत नाही.

गावच्या जुन्या जाणत्या माणसांना हे पक्के ठाऊक होते. मराठी मुलखात शिवाराला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणण्याची चाल आहे. काळी कसावी आणि पांढरीवर वसावे, असा हा व्यवहार. जुन्या गावठाणाची पांढरी माती भिंतींना आणि धाब्याच्या घरांच्या छपरांना वापरीत. कारण ती काळ्या मातीसारखी फुगत नाही आणि भेगाळत नाही. याच जिल्ह्यात नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी उत्खनन केले. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथेही पुढे उत्खनने झाली. या दोन्ही ठिकाणी तीन हजार वर्षांहून अधिक जुन्या वस्त्यांचे आणि मातीच्या घरांचे अवशेष सापडले. मातीशी माणसाचे हे नाते इतके पुराणे आहे.

तथापि अनुभवाने जे कळते, ते मोजता आले की त्याचे शास्त्र होते. मातीचे बळ मोजण्याची वाट शार्ल कुलोम या फ्रेंच लष्करी अभियंत्याने दाखवली. मार्टिनिक नावाच्या दूरच्या बेटावर किल्ला बांधण्याचे काम त्याने कित्येक वर्षे केले होते. तटामागे माती भरली की ती तटाला बाहेर ढकलते. मग तट किती जाड ठेवावा? जाड ठेवला तर खर्च वाढतो, पातळ ठेवला तर तट पडतो. या अनुभवावर विचार करून १७७३ साली त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आपला निबंध मांडला. माती सरकू न देणाऱ्या शक्तीचे दोन भाग आहेत, असे त्याने सांगितले. एक भाग चिकटपणाचा. तो वरच्या वजनावर अवलंबून नसतो. दुसरा भाग घर्षणाचा. वरून जितके वजन अधिक, तितके हे घर्षण अधिक.

हे तत्त्व प्रयोगशाळेत एका साध्या पेटीने पडताळून पाहता येते. ही पेटी आडवी कापून तिचे दोन भाग केलेले असतात. एक भाग दुसऱ्यावर ठेवून आत माती भरतात, वर वजन ठेवतात आणि एक भाग स्थिर धरून दुसरा हळूहळू बाजूला सरकवतात. माती सरकण्याच्या क्षणी किती जोर लागला, हे मोजतात. पेटीत कोरडी वाळू असेल, तर वजन दुप्पट केल्यावर जोरही जवळजवळ दुप्पट लागतो. चिकणमाती असेल, तर वर वजन नसतानाही काही जोर लावावाच लागतो. तो तिचा चिकटपणा. १९५९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी धरणांसाठी आणि कालव्यांसाठी मातीच्या अशा परीक्षा घेतल्या जातात.

आता अंगणातल्या बुरुजाकडे पुन्हा वळू. थोडे पाणी मातीला बळ देते आणि अधिक पाणी तेच बळ काढून घेते, याचे कारण काय? कणांच्या फटींत थोडेच पाणी असते, तेव्हा त्याचे पातळ पडदे कणांना एकमेकांकडे ओढून धरतात. म्हणून ओलसर वाळूचा बुरूज उभा राहतो. पण सगळ्या फटी पाण्याने भरून गेल्या की ती ओढ नाहीशी होते. एवढेच नव्हे, तर फटींतले पाणी स्वतःच दाबाखाली येते आणि कणांना एकमेकांपासून दूर रेटू लागते.

याची प्रचीती हातांनीच घेता येते. दोन्ही तळहात एकमेकांवर घट्ट दाबून घासावे. ते जड सरकतात. दाब सैल करून घासावे. ते सहज सरकतात. वरचे ओझे जोपर्यंत कणांवर असते, तोपर्यंत कण एकमेकांवर घट्ट दाबलेले राहतात. त्या ओझ्याचा काही भाग फटींतल्या पाण्याने उचलला, की कणांमधला दाब सैल होतो, घर्षण घटते आणि माती सरकते. कार्ल टेरझागी या शास्त्रज्ञाने हे रहस्य उलगडले. इस्तंबूल येथे अध्यापन करीत असताना त्याने साध्यासुध्या साधनांनी मातीवर शेकडो प्रयोग केले, आणि १९२५ साली त्याचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मातीच्या यामिकीचे आधुनिक शास्त्र तेथून सुरू झाले असे मानतात. मातीचे बळ पाहायचे तर मातीइतकेच तिच्यातल्या पाण्याकडेही पाहिले पाहिजे, हे त्या शास्त्राचे सार आहे.

हे सार ध्यानी धरून राहुरी तालुक्यातील मुळा धरणाकडे पाहिले, म्हणजे त्याची रचना किती विचारपूर्वक केलेली असते ते कळते. मुळा नदी अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडाच्या परिसरात उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत येते. बारागाव नांदूरजवळ हे धरण तिला अडवते. १९७०च्या दशकाच्या आरंभी ते पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला ‘ज्ञानेश्वर सागर’ म्हणतात. याच जिल्ह्यात भंडारदऱ्याचे धरणही आहे. १९१० ते १९२६ या काळात बांधलेले ते धरण दगडी आहे आणि ते डोंगरांमधल्या अरुंद दरीत उभे आहे. मुळेचे खोरे मात्र राहुरीजवळ पसरट होते. तेथे सुमारे पावणेतीन किलोमीटर लांब आणि सुमारे ४८ मीटर उंच असा बांध घालायचा होता. तो मातीचा घातला गेला. सुमारे २६ अब्ज घनफूट पाणी साठवू शकणारे हे धरण राहुरी, नेवासे, शेवगाव आणि पाथर्डी या तालुक्यांतील शेतीला आणि अहिल्यानगर शहराला पाणी देते.

जी माती पाण्याने विरघळते, तिनेच पाणी अडवायचे! हे साधते कसे? अशा धरणात सगळीकडे एकच माती वापरीत नाहीत. मधोमध चिकणमातीचा गाभा असतो. तिच्यातून पाणी सहजासहजी झिरपत नाही. परंतु भिजल्यावर तिचे बळ कमी होते. म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना मुरमासारख्या भरड मातीचे जाड कवच घालतात. कवचातून पाणी निसटू शकते, पण त्याचे कण घर्षणाने एकमेकांना घट्ट धरून राहतात. गाभ्याने पाणी अडवावे आणि कवचाने गाभ्याला सावरावे, अशी ही कामाची वाटणी. जेथे एकीची उणीव, तेथे दुसरीचा गुण कामास येतो.

बांधाच्या बाजू भिंतीसारख्या उभ्या नसतात. त्या लांबवर पसरत जातात. मातीला जेवढा उतार पेलवेल तेवढाच तिला द्यावयाचा असतो. म्हणून मातीच्या धरणाचा पाया त्याच्या माथ्याच्या कित्येक पट रुंद असतो. पाण्याकडील उतारावर दगडांचे अस्तर असते, कारण लाटा माती धुऊन नेतात. पलीकडच्या उताराच्या पायथ्याशी वाळू, खडी आणि दगड यांचे थर घालतात. गाभ्यातून झिरपून आलेले पाणी त्या थरांतून वाट काढते, पण मातीचे कण मागेच अडतात. पाणी अडवण्यासाठी बांधलेल्या धरणात पाण्याला वाट करून देण्याची ही खटपट प्रथम विचित्र वाटते. पण साचून राहिलेले पाणी मातीचे बळ हिरावून घेते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तिचे मर्म लगेच कळते.

भरावाची मातीही कशीतरी टाकून चालत नाही. शेतकरी पेरणीसाठी वाफशाची वाट पाहतो. रान फार ओले असेल तर पाभर चालत नाही, आणि फार कोरडे असेल तर बी उगवत नाही. धरणाच्या मातीलाही असाच एक वाफसा असतो. फार कोरडी माती रुळाखाली नीट दबत नाही आणि फार ओली माती लिबलिबते. म्हणून पातळ थर पसरायचा, बेताचे पाणी शिंपडायचे, जड रूळ फिरवून तो घट्ट दाबायचा आणि मगच दुसरा थर घालायचा, असे हे काम महिनोन् महिने चालते. या कामासाठी मेंढ्यांच्या खुरांसारखे उंचवटे असलेला रूळ वापरतात. त्याचे खूर मातीत खोल रुततात आणि थराला तळापासून घट्ट करतात.

धरण भरले म्हणजे चिंता संपली, असेही नाही. जलाशय भरलेला असताना पाण्याचा भार उताराला आतल्या बाजूस दाबून धरतो. पाणी फार वेगाने उतरवले, तर बाहेरचा तो आधार जातो. पण मातीच्या पोटातले पाणी इतक्या लवकर निघू शकत नाही. भिजलेला, जड झालेला उतार अशा वेळी घसरू शकतो. म्हणून मोठ्या धरणातले पाणी बेताबेताने सोडावे लागते, आणि बांधातून झिरपणारे पाणी नेहमी मोजून पाहावे लागते. ते एकाएकी वाढले किंवा गढूळ येऊ लागले, तर तो धोक्याचा इशारा समजतात.

मातीच्या बाबतीत घाई केल्यास काय होते, याची कडू आठवण महाराष्ट्राला आहे. पुणे जिल्ह्यातील पानशेतचे मातीचे धरण १९६१ साली पुरते बांधून झाले नव्हते. बांधाच्या पोटातून जाणाऱ्या मोरीचे काम अपुरे असतानाच पावसाळ्यात जलाशय भरला. मोरीवरचा भराव खचू लागला आणि बांधाचा माथा खाली येऊ लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून माथा उंच ठेवण्याची शर्थ केली. त्यामुळे काही मोलाचे तास मिळाले. परंतु १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला.

निसर्गाच्या उताराचेही असेच आहे. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात डोंगराच्या कुशीत माळीण नावाचे लहानसे गाव होते. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी मुसळधार पावसाने भिजलेला डोंगराचा उतार सुटला आणि गावावर आला. दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी. चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा ही वार्ता बाहेर कळली. वर्षानुवर्षे अचल वाटणारा डोंगर एका सकाळी सरकतो. कारण त्याच्या अंगातले बळ पाण्याने आधीच हळूहळू काढून घेतलेले असते.

अशी संकटे मोठ्या धरणांवर आणि डोंगरांवरच येतात असे मात्र नाही. गावाच्या शिवारात विहीर किंवा चर खोदताना मातीची उभी कड पहिल्या दिवशी चिऱ्यासारखी ताठ दिसते. चिकटपणाच्या बळावर ती उभी असते. पण ऊन लागून तिला भेगा पडतात, भेगांत पावसाचे पाणी शिरते, आणि कोणताही आवाज न करता ती आत काम करणाऱ्याच्या अंगावर येते. एक घनमीटर मातीचे वजन सुमारे दीड ते दोन टन भरते. तिच्याखाली सापडलेल्याला श्वास घेणेही अशक्य होते. म्हणून जाणते कारागीर खोल खोदकामाची बाजू उतरती ठेवतात, टप्पे पाडतात किंवा फळ्यांचा आधार देतात. खणलेल्या मातीचा ढीग ते काठाशी रचत नाहीत. वाळूच्या किंवा मुरमाच्या खाणीत, उभ्या दरडीच्या पायथ्याशी मुलांनी कधीही खेळू नये, ते याच कारणासाठी.

माती पडण्यापूर्वी पुष्कळदा सूचना देते. उताराच्या माथ्यावर नवी भेग पडते. ताठ उभी असलेली झाडे किंवा खांब कलू लागतात. जेथे पूर्वी पाणी नव्हते, तेथे पाझर फुटतो. निर्मळ झरा गढूळ होतो. या खुणा दिसताच तेथून दूर जावे आणि वडील माणसांना सांगावे. ज्याला मातीची ही भाषा कळते, तो स्वतःचे आणि इतरांचेही प्राण वाचवू शकतो.

‘अति तेथे माती’ अशी म्हण आहे. मातीच्या बाबतीत पाण्याची अति झाली, की मातीचीही माती होते. बेताची ओल, योग्य उतार, पाण्याला वाट आणि कामात धीर, एवढे मिळाले की हीच माती शेकडो गावांची तहान आपल्या खांद्यावर तोलून धरते. पुढच्या दिवाळीत अंगणात किल्ला उभा राहील, तेव्हा त्याच्या तळाशी थोडी खडी घालून पाण्याला वाट ठेवावी आणि बुरूज किती दिवस टिकतो ते पाहावे. धरण बांधणारे अभियंतेही याच बेताने काम करतात.

स्वाध्याय

१. मातीच्या ‘कर्तन-सामर्थ्याचे’ दोन भाग कोणते? प्रत्येकाचे एकेक उदाहरण द्या.
२. थोडे पाणी मातीला बळ देते, पण अधिक पाणी तेच बळ हिरावून घेते. असे का होते?
३. मातीच्या धरणात गाभा आणि कवच यांसाठी निरनिराळी माती का वापरतात?
४. जलाशयातील पाणी बेताबेताने का सोडावे लागते?
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : पायाखालची वाळू सरकणे, दाद न देणे, शर्थ करणे, हाहाकार उडणे.
६. आपल्या गावात ‘काळी’ कोणती आणि ‘पांढरी’ कोणती, हे घरातील वडील माणसांना विचारा व त्यावर दहा ओळी लिहा.
७. कोरडी वाळू, ओलसर वाळू आणि मुरूम यांचे सारखे ढीग करा. कोणत्या ढिगाचा उतार अधिक उभा राहतो, ते पाहून वहीत नोंदवा.